उकळत ठेवलेला टोप

टोप बोलतोय. हसू नका. ज्या घरात माणसं तोंड उघडत नाहीत, तिथं भांड्यांनाच बोलावं लागतं.

मी स्टीलचा, उंच, दोन कानांचा. इटलीतल्या सावोना बंदराच्या बाजारातून आणून मावशीनं मला लोरेदानाला, म्हणजे या घरच्या सुनेला, तिच्या लग्नात दिलं. माझं काम सोपं. पाणी उकळायचं, पास्ता शिजवायचा. पोरांची आई लोरेदाना कितीही दमलेली असो, एकीकडे मी आणि दुसरीकडे तव्यात लोणी नि वाटाणे, की बोलता बोलता जेवण तयार. पोरं खूश. माझ्याइतकं झटपट या घरात कुणी काही करत नाही. आणि याच घरात पोरं रोज उपाशी ताटकळायची.

कारण अर्मांदो. पोरांचा आजोबा, त्यांचा नोन्नो. त्याचा नियम होता, कमावता माणूस घरी आल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. पास्ता काही थांबत नाही, थांबला की लगदा. म्हणून त्याच्या मुलानं, इवानोनं, कामावरून निघताना फोन करायचा, "टाका!" मग पास्ता पाण्यात. असा फोन इथं घरोघरी येतो, त्यात वाईट काही नाही. पण इवानो बंदरावर क्रेन चालवतो. जहाजाला उशीर, की त्यालाही उशीर. तोवर मी नुसता खदखदतोय. पाणी आटलं की लोरेदाना आणखी ओतायची. तोंडातून ब्र नाही. मला तिचाही राग यायचा.

म्हातारा स्वतःही उपाशी बसायचा, हे कबूल. पण आपण उपाशी बसलो की दुसऱ्याला उपाशी ठेवायचा हक्क मिळतो, असं त्याला वाटायचं.

धाकटा तोबिया पाच वर्षांचा. फोन येईपर्यंत त्याची भूक मरून जायची. ताट समोर आलं की तोंड फिरवायचा. मनगटं काडीसारखी झाली होती. "लाड आहेत सगळे," म्हातारा म्हणायचा.

त्या संध्याकाळी तोबिया टेबलावर डोकं टाकून पडला होता. रडत नव्हता. रडणारं पोर परवडतं, असं गप्प झालेलं बघवत नाही. त्याची बहीण नोएमी पास्त्याचं पाकीट घेऊन माझ्यापाशी आली. फुलपाखरांच्या आकाराचा पास्ता होता.

"आई, टाकू?"

"पापाचा फोन नाही आला."

"याच्याकडे बघ तरी!"

लोरेदानानं बघितलं. मग बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथं टीव्ही चालू होता. "नोन्नो ऐकेल ग," ती पुटपुटली.

नोएमीनं पाकीट फाडलं आणि अख्खं माझ्यात उलटं केलं. खडखड खडखड! टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"काय पडलं?"

"चमचे, नोन्नो!"

मला वाटलं, आता आई पोरीला हाणणार. लोरेदानानं मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ माझ्यात टाकलं. "मीठ विसरलीस," ती म्हणाली.

मग मी जीव खाऊन उकळलो. पण पास्त्याला घाई चालत नाही, तो आपल्या वेळेनंच शिजतो. तव्यात लोणी वितळलं, वाटाणे पडले. वास सुटला. वास काही चमच्यांचा म्हणून खपवता येत नाही. सपाता घासत म्हातारा दारात आला.

"इवानोचा फोन आला?"

लोरेदाना वाटाणे हलवत राहिली.

"मी काहीतरी विचारतोय."

"नाही आला," लोरेदाना म्हणाली.

"मग हे काय चाललंय?"

"जेवण."

तो सरळ चुलीपाशी आला. बोटं गॅसच्या बटणावर. नोएमी ओरडली, "कच्चा राहील, नोन्नो!"

बोटं थांबली. त्यानं माझ्यात वाकून बघितलं. शिजत आलेला पास्ता मधेच विझवायचा, एवढं पाप या म्हाताऱ्याच्या हातून होईना. सुनेला, नातवंडांना उपाशी ठेवायला हात कचरला नव्हता. फुलपाखरांसाठी कचरला.

"तो आला की त्याला तोंड तुम्हीच द्या," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. ताट मात्र घेतलं नाही.

नोएमीनं तोबियासमोर ताट ठेवलं. "आधी पंख खायचे. मग मधली गाठ. उडालं की हरलास." त्यानं एक पंख खाल्ला. मग दुसरा. मग गाठी, वाटाणे, सगळंच बकाबका. मी चुलीवरून बघत होतो आणि दारात किल्ली फिरली.

सगळ्यांचे काटे हवेत.

"बघ!" म्हातारा उठला. "तुझ्याच घरात, तुला सोडून जेवतायत!"

इवानोनं फोन खिशातून काढला. बंद पडला होता. "जेवू देत ना, बाबा," तो म्हणाला आणि तोबियाला उचललं. एरवी तो येईपर्यंत हे पोर पेंगलेलं असायचं. आज जागं होतं. त्यानं बापाच्या कोटात नाक खुपसलं.

"पापा, तुला पानिस्साचा वास येतोय!"

पानिस्सा म्हणजे बेसनाच्या तळलेल्या वड्या. बंदरामागच्या गल्लीत पावात घालून देतात. लोरेदाना आजवर हा वास क्रेनच्या तेलाचा समजत आली होती.

"खाऊन आलास?" तिनं विचारलं.

"भूक लागते ग तिथं."

"आजच?"

इवानो जमिनीकडे बघायला लागला. "रोज."

"आणि वर इथं येऊन पुन्हा जेवतोस?"

"बाबा थांबलेले असतात. त्यांना नाही कसं म्हणू?"

भरल्या पोटाच्या माणसासाठी अख्खं घर उपाशी! बापाला विचारायची लाज, मुलाला सांगायची भीती. आणि हे मोठे.

म्हातारा मटकन खाली बसला. लोरेदानानं इवानोसाठी काढून ठेवलेलं ताट उचललं आणि म्हाताऱ्यापुढे आदळलं. "खा. गार होतंय." त्यानं मुलाकडे बघितलं नाही. मान खाली घालून खात राहिला, भुकेलेला माणूस खातो तसा.

आता पोरांना भूक लागली की मी चुलीवर चढतो. माझा एक कान सैल झालाय, तळाला पांढरे डाग पडलेत. तुम्हाला एवढंच सांगतो, पोर भुकेलं असेल तर वाढून मोकळे व्हा. मोठे रुसले तर रुसू देत, त्यांना पुन्हा हाक मारता येते. तोबियानं एका रात्री ताट संपवलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड फिरवलं. त्याची मेलेली भूक परत यायला अख्खा हिवाळा गेला.