भिजलेल्या चेंडूचं उट्टं

मित्रांनो, मी एक जुना चामडी फुटबॉल आहे. हॅमिल्टनला बर्नार्डच्या बेसमेंटमध्ये शेल्फवर बसलेला असतो. गरीब दिसतो, पण फसू नका. मी डूख धरणारा आहे.

माझा जन्म इंग्लंडचा. जाड चामड्याचे तुकडे शिवले, आत फुगा घातला आणि माझं तोंड वादीनं आवळलं. शंभरेक वर्षांपूर्वी मी वॉल्टर नावाच्या हाफबॅकच्या पायाशी आलो. काय खेळायचा गडी! एकाच क्लबसाठी त्यानं उमेदीची वर्षं घालवली, हवेतला प्रत्येक चेंडू कपाळावर घेतला. आणि एक दिवस क्लबचा अध्यक्ष म्हणाला, "तुझे गुडघे गेले. उद्यापासून येऊ नकोस." मेल्यानं आभारसुद्धा मानले नाहीत! वॉल्टरनं मला काखोटीला मारलं आणि चालू लागला. तेव्हापासून आम्ही दोघांनी दात धरला.

पुढे तो एका लहानशा क्लबचा मॅनेजर झाला. पडेल टीमला त्यानं उभं केलं. आणि कपच्या सामन्यात समोर कोण यावं? तोच जुना क्लब! मैदान आमचं, म्हणून चेंडूही आमचा. वॉल्टरनं मला सकाळपासून बादलीत बुडवून ठेवलं. मी पाणी पिऊन धोंड्यासारखा जड झालो. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हेडिंगसाठी नावाजलेला. दोनदा त्यानं मला कपाळावर घेतलं, वादीनं त्याचं कातडं सोललं. मग मी येताना दिसलो की पठ्ठ्या मान खाली घालायचा. आम्ही जिंकलो. अध्यक्षाचं तोंड बघायला हवं होतं! असं उट्टं काढलं की मी आतून गार झालो.

म्हातारपणी वॉल्टर समुद्र ओलांडून मुलीकडे इथं हॅमिल्टनला आला, मला घेऊनच. तोवर त्याची आठवण गेली होती. मला मांडीवर घेऊन विचारायचा, "हे काय आहे?" जन्मभर चेंडू डोक्यावर झेलल्याचं ते फळ, असं त्याची नात म्हणायची. सूड त्याचा, लक्षात राहिला फक्त माझ्या.

दोन हजार सोळा साली नातीनं घरातलं जुनं सामान गराज सेलमध्ये विकायला काढलं, तेव्हा मला या गोष्टीसकट बर्नार्डला दिलं. बर्नार्ड मूळचा वसईचा, इथल्या चर्चच्या मुलांचा फुटबॉल कोच. पुढच्याच वर्षी त्याच चर्चमधल्या मेल्विननं त्याची जागा घेतली. वर चारचौघांत म्हणाला, "तुझं कोचिंग ओल्ड-फॅशन्ड आहे रे." घरी येऊन बर्नार्ड माझ्याकडे बघत बसला. "थांब, चर्चच्या पिकनिकला जिरवतो त्याची!" त्यानं मला लाँड्रीच्या टबात भिजत घातलं. मी तर खूश!

पिकनिकच्या मॅचमध्ये बर्नार्डनं मला उंच उडवलं. "मेल्विन, हेडर घे!"

मी खाली येऊ लागलो. पण मेल्विनच्या पुढे धावली बर्नार्डची दहा वर्षांची फियोना. "डॅड, आय गॉट इट!"

"फियोना, नको! बाजूला हो!"

मी काय थांबणार? बर्नार्ड धावत आला, त्यानं लेकीला ढकललं आणि मला स्वतःच्या कपाळावर घेतलं. भुवईवर मोठी खोक पडली. मेल्विननं आपली जर्सी काढून जखमेवर दाबली. मग मला उचललं, माझं वजन पाहिलं.

"हा माझ्यासाठी होता ना?"

बर्नार्डनं मान डोलावली. मेल्विननंच त्याला गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं.

आता बर्नार्ड मला खोबरेल तेल चोळतो. थंडीत ते माझ्या अंगावर पांढरं थिजतं. मेल्विन सुटला याचं मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण फियोना जिन्यावरून खाली आली की मला तिच्या कपाळाकडे बघवत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना तेल लावा, कोरड्या ठेवा. आणि मला पुन्हा कधी भिजत घालू नका. भिजलो की मला माणूस ओळखू येत नाही.