मनाच्या प्रयोगशाळेतला हातोडा

मी हातोडा बोलतोय. खिळे ठोकणारा नव्हे. माझा जन्म फक्त पडण्यासाठी झाला.

जर्मनीतल्या आमच्या विद्यापीठाच्या गावात तेव्हा मनाचं शास्त्र नुकतंच पुस्तकांतून उठून प्रयोगाच्या टेबलावर आलं होतं. लोबेक नावाच्या घड्याळजीनं मला भट्टीत तापवलं, ऐरणीवर बडव बडव बडवलं आणि लोखंडी चौकटीत टांगलं. चाप सुटला की दाणकन खाली यायचं, एवढंच काम. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले नेमके एकशे साठ मला पडायला लागत. कधी एकाचाही फरक नाही.

शेजारी एक नाजूक घड्याळ होतं. दिवा चमकला की माणसानं बटण सोडायचं; त्याला किती वेळ लागला ते घड्याळ सांगे. पण ते चाले विजेवर, आणि बॅटरी बदलली की बिनदिक्कत खोटं बोले. म्हणून रोज सकाळी आधी मला पाडायचं आणि घड्याळ माझ्या पडण्याचे एकशे साठ दाखवीपर्यंत वीज कमीजास्त करायची, असा तिथला नेम होता.

विद्यार्थी एकमेकांवरच प्रयोग करत. आज बटणावर बसणारा उद्या घड्याळापाशी. बहुतेकांच्या गालांवर आपसातल्या द्वंद्वांत मिळालेले तलवारीचे वण होते आणि ते दागिन्यासारखे मिरवायची त्यांची रीत होती. मला त्या रीतीची चीड यायची.

त्या शनिवारी फोल्कमार बटणापाशी बसला. घड्याळापाशी त्याचा मित्र एगॉन होता.

"आज दुपारी तलवार आहे," फोल्कमार म्हणाला. "समोरचा डावखुरा, आणि डोळ्यांवर जाळी बांधायची नाही असं ठरलंय. माफीचं पत्र लिहून खिशात ठेवलंय. आकडा दीडशेच्या वर गेला तर देऊन टाकतो."

"माफी माग, मग बघ तुला बिअरच्या टेबलावर कोण बसू देतं ते." एगॉनचे डोळे आदल्या दिवशीच्या बिअरनं सुजले होते.

"हातोडा पाडलास का?"

"काल पडला तसाच आजही पडणार. त्याला रोज रोज काय विचारायचं?"

माझ्याबद्दल तो खरंच बोलला. पण बॅटरी त्यानंच सकाळी बदलली होती.

दहादा दिवा चमकला. सरासरी आली एकशे वीस. फोल्कमार मोठ्यानं हसला, पत्र टराटरा फाडलं आणि तुकडे माझ्या पायाशी टाकले. मला पाडल्याशिवाय आवाज नाही. मी नुसता लटकत राहिलो.

सोमवारी सकाळी, घड्याळाला कोणी हात लावण्याआधीच तो आला, तेव्हा त्याला उजवा डोळा नव्हता. गाल कानापासून ओठापर्यंत शिवलेला होता आणि पट्टीतून रक्त झिरपत होतं.

"वार येताना दिसला मला," तो एगॉनला म्हणाला. "हात उठेपर्यंत डोळा गेला होता. पाड तो हातोडा."

"अरे, आधी बस तरी."

"पाड म्हणतो ना."

मी पडलो. घड्याळानं नव्वद दाखवले.

"सत्तर कमी," फोल्कमार हळूच म्हणाला. "म्हणजे माझे एकशे वीस नव्हतेच. एकशे नव्वद होते."

"देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं रे."

तेही खरंच होतं. पण फोल्कमारनं मला चौकटीतून उपसलं. एगॉनचा हात टेबलावर होता. पहिल्या घावात त्याची बोटं मोडली, दुसऱ्यात मनगट. तिसऱ्या घावाला बटणाचं पितळ त्याच्या मांसात रुतलं. हाड मोडतानाचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. एगॉन किंचाळत होता आणि फोल्कमार उरल्या डोळ्यानं रडत रडत मारत होता. मला थांबायचं होतं, पण मला थांबता येत नाही.

लोबेकनं मला धुतलं. दांडा मात्र वाकला तो वाकलाच. आता मी कपाटात तळाशी आहे. मला पडायला किती वेळ लागेल, हे मलाही सांगता येणार नाही. रोज सकाळी वर नवा हातोडा पडतो आणि त्या आवाजानं मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तुमच्या मनाचं माप काढून कोणी आकडा हातावर ठेवला, तर जरूर घ्या. फक्त खिशातलं पत्र फाडण्याआधी त्याला एकदा विचारा, आज हातोडा पाडला होता का?