पिवळी खूण

त्या मंगळवारी लॉरेल हॅनराहनने बारा क्लिपा मशीनवर ताणायला लावल्या आणि अकराच धड राहिल्या. बारावीच्या मानेत केसाएवढी चीर होती. तिने ती भिंगाखाली धरली, उजेडात फिरवली, नखाने चाचपून पाहिली. चीर ती चीरच!

क्लिप अंगठ्याएवढी, पण काम जिवाचं. ज्या म्हाताऱ्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांना झोळीत घालून उचलायचं यंत्र असतं ना, त्या झोळीचे चार कोपरे असल्या चार क्लिपांवर लटकतात. यंत्राचा आराखडा स्वीडनमध्ये इंगेला काढायची, क्लिपा ओतायचा साचा मलेशियात पेनांगमध्ये लिम सू यी कापून घ्यायची, आणि तपासणी ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या पत्र्याच्या शेडमध्ये लॉरेल करायची. तिघींनी एकमेकींना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. गाठभेट सगळी बोर्डावर. बोर्ड म्हणजे संगणकावरची एक भलीमोठी सामाईक पाटी. प्रत्येक कामाची त्यावर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीला एक रंग. हिरवा असला की ठीक, पिवळा असला की लक्ष असू द्या. लाल लावला की तिन्ही देशांतलं काम जागच्या जागी थांबायचं.

शुक्रवारी साचा कापायचा होता. एकदा कापला की कापला. त्याआधी लाल लावायचा की नाही, एवढाच प्रश्न होता आणि तो एकट्या लॉरेलचा होता.

लाल तिने एकदा लावला होता, दोन वर्षांपूर्वी, यंत्राच्या चाकांच्या वेळी. तीन देश अडीच दिवस हातावर हात ठेवून बसले आणि शेवटी निघालं काय, तर तिच्याच मशीनचा एक नट ढिला! तेव्हापासून शेडमध्ये तिचं नाव पडलं बंबवाली, उगाच आगीचा बंब बोलावणारी. तीही हसायची त्यावर. हसता हसता आतून जळायची.

"काय बंबवाली, कुठे धूर?" तिचा साहेब गॅविन चहाचा मग घेऊन डोकावला.

"बारातली एक चिरली, गॅव."

"एकच ना? आणि हे तर हाताने कापलेले नमुने. साच्यातून निघतील त्या पक्क्या असतील गं. बघ बाई, मशीन तुझं, रंग तुझा. पण लाल लावलास तर उद्या अख्खं स्वीडन माझ्या मानगुटीवर बसेल."

हसत हसत बोलला मेला, तेच वाईट. अंगावर ओरडला असता तर ती हट्टाला पेटली असती. थट्टेपुढे तिचं काही चालायचं नाही.

आणि एक सांगायलाच हवं. लॉरेलसारख्या माणसांना लहानपणापासून एकच धडा मिळालेला असतो, की गवगवा करायचा नाही. पाय मोडला तरी 'जरा ठणकतंय' म्हणायचं. तिने चिठ्ठी लिहिली: 'बारापैकी एका क्लिपला बारीकशी चीर दिसली. मोठं काही नसेल. सवडीने बघाल का?' रंग लावला पिवळा.

शेडमधल्या कुणीही हे वाचलं असतं तर हातातलं काम टाकून धावत आला असता. लॉरेल 'बघाल का' म्हणतेय म्हणजे घर पेटलंय, हे तिथल्या मांजरालाही कळायचं. गॅविनलाही कळलं होतं. म्हणून तर तो विनोद करत होता. पण इंगेला सरळमार्गी बाई. सवडीने म्हणजे सवडीने, असं तिने वाचलं. तिचं काय चुकलं?

गुरुवारी ॲन्झॅक डे, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, म्हणून सुट्टी. लॉरेलने शुक्रवारचीही रजा टाकून लांब शनिवार-रविवार केला होता. पहाटे स्मारकापाशी मानवंदना झाली, दुपारी भावाबरोबर पबच्या मागच्या अंगणात नाणी उडवायचा खेळ रंगला. पाच वाजता खिशातला फोन थरथरला. बोर्डावर इंगेलाचा प्रश्न होता: 'लॉरेल, उद्या साचा कापतोय. तुझ्या पिवळ्या चिठ्ठीसाठी थांबवू का?'

इतका स्वच्छ प्रश्न! 'थांबव' एवढंच लिहायचं होतं. आजूबाजूला माणसं ओरडत होती, नाणी वर जात होती, भाऊ म्हणाला, "अगं ठेव ना तो फोन, आज तरी!" तिच्या डोळ्यांपुढे तो ढिला नट आला. तिने लिहिलं: 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.'

सोमवारी ती कामावर आली तेव्हा साचा कापून झाला होता. पेनांगहून सू यीने फोटो टाकला होता. साचा चकचकीत, सुरेख. खाली इंगेलाचा शेरा होता, 'कुणाची हरकत नाही, चिठ्ठी बंद करते,' आणि एक हसरा चेहरा. लॉरेल त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत बसली. चिठ्ठी पुन्हा उघडता आली असती. पुढे महिन्याभराने साच्यातल्या क्लिपा आल्या, तिने बारा ताणल्या, बाराही टिकल्या. गॅविन म्हणाला, "बघ, सांगत नव्हतो?" तिलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. आणखी शंभर ताणायला हव्यात असं मनात आलं होतं. ते तिने लिहिलंसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये बॅलरॅटच्या एका वृद्धाश्रमात क्लेमेंट रूड नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त पोस्टमनला आंघोळीसाठी उचललं आणि एक क्लिप मानेत तुटून झोळीचा एक कोपरा सुटला. खुबा मोडला. अकरा दिवसांनी म्हातारा गेला.

चौकशी झाली. बोर्डावरची ती चिठ्ठी कागदावर छापून आली, तारीख-वेळेसकट. गॅविनचा चेहरा उजळला. "सुटलीस गं तू! लेखी कळवलं होतंस. तुझ्या अंगावर काहीही येत नाही." इंगेलाने विचारलं होतं, तेही छापलेलं होतं, त्यामुळे तीही सुटली. सू यीला लाल दिसला नव्हता, ती सुटली. दोन-दोनदा धुतल्यासारखे सगळे स्वच्छ. पडद्यावर तिघी एकत्र आल्या तेव्हा इंगेला रडत म्हणाली, "तू एक फोन करायचास, लॉरेल. मी धावत आले असते गं." ती खरोखर आली असती. लॉरेलला तेच सोसवेना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वकिलाने बजावलं होतं, म्हाताऱ्याच्या घरच्यांना भेटू नका. एका रविवारी ती न सांगता गाडी काढून बॅलरॅटला गेली. म्हाताऱ्याची मुलगी मार्नी बापाच्या जुन्या घरात त्याचे कपडे पिशव्यांत भरत होती.

"तुम्ही बाबांच्या ओळखीच्या?"

"नाही. त्या यंत्राच्या क्लिपा मी तपासते."

मार्नीने हातातला स्वेटर पलंगावर ठेवला. ती ओरडली नाही. "म्हणजे तुम्हाला काही दिसलं नाही का तपासताना?"

"दिसलं होतं. एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये!" ती खाली बसली. "मग काय केलंत तुम्ही?"

"लिहिलं."

"आणि मग?"

लॉरेलने तोंड उघडलं. सगळं सांगायचं म्हणून ती दीड तास गाडी चालवत आली होती.

"मग घरी गेले," ती म्हणाली.

मार्नी पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं.