शेवटाच्या आधी फोन कटला

समुद्री चाच्यांच्या त्या सिनेमाचा दुसरा भाग यायला नऊ वर्षं लागली. पहिला पाहिला तेव्हा तिघं शाळेत एका बाकावर बसायची. पुढे वर्षभर जिन्याखालची जागा हेच त्यांचं गलबत होतं. हुकूम सोडणारी ती कप्तान. अखंड बडबडणारा तो पोपट. आज तो बेकरीत भट्टी सांभाळतो. तिसरा खजिन्याचे नकाशे काढायचा, म्हणून नकाश्या. तो आता चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. कप्तान मात्र खरोखरच समुद्रावर गेली. मालवाहू जहाजावर इंजिनियर झाली.

त्यामुळे मध्यरात्रीच्या पहिल्या खेळाला दोघंच गेले. बाहेर पडले तेव्हा पोपटाच्या अंगात आलं होतं.

"ती नायिका दोर कापते ना, माझा श्वासच अडकला! आणि तो म्हातारा फितूर निघेल, हे मी आधीच ओळखलं होतं."

"थापा मारू नकोस. तेव्हा तू घोरत होतास."

थेटरच्या पायऱ्यांवर वाद रंगात आला असतानाच फोन वाजला. कप्तान.

"संपला का रे? सांगा. सगळं सांगा."

"एक शब्द सांगितलात तर जीव घेईन, असं तूच म्हणाली होतीस," नकाश्या म्हणाला.

"जहाजावरून उतरायला अजून पाच महिने आहेत माझे. तोवर थेटरात काय उरणार? आत्ता बंदरात आहोत म्हणून फोन लागतोय. तासाभरात सुटतोय आम्ही. चला, पटापट."

फोन मधल्या पायरीवर ठेवून दोघांनी सांगायला सुरुवात केली. पोपटाने सगळ्यांचे आवाज काढले, तोफासुद्धा उडवल्या. पलीकडून ती खळखळून हसत होती. मग तिने विचारलं, "समुद्र कसा दाखवलाय?"

"ते तुला काय सांगायचं? तू तिथेच आहेस."

"मी खाली इंजिनपाशी असते रे. कानठळ्या बसतात, अंगाला तेलाचा वास. वर येते तोवर अंधार पडलेला असतो. तू सांग ना."

नकाश्याने सांगितलं. सकाळचा हिरवट, वादळाआधीचा शिशासारखा, आणि एका प्रसंगात इतका शांत की शिडाची सावली त्यावर घडी न पडता पसरलेली. बोलता बोलता त्याला भान राहिलं नाही.

"आणि शेवटी तिच्यासमोर दोन होड्या असतात. एक घराकडे जाणारी—"

फोन कटला. पुन्हा लावला, लागला नाही. दहादा लावला.

"सुटलं वाटतं जहाज," पोपट उठला. "मला पीठ मळायला पळायला हवं. तू शेवट बोलून पाठव."

तो गेल्यावर नकाश्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबून फोन तोंडाशी धरला. शेवट चार मिनिटांत सांगून झाला. बोट बटणावरून उचलायचं, तर ते उचलेना.

"एवढंच," तो म्हणाला. "नाही, एवढंच नाही. तुझी आठवण येते. पोपटालाही येते, पण ते वेगळं. मला येते."

धीर सुटायच्या आत त्याने तो निरोप पाठवून टाकला.

अकरा दिवस काही उत्तर नाही. काच घासताना हात थांबवून तो फोन बघायचा. एकदा तर गिऱ्हाइकाची काच त्याच्या हातून फुटली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. बाराव्या दिवशी तिचा बोललेला निरोप आला.

"शेवट मला पटला नाही. तिने घरची होडी घ्यायला हवी होती." मग बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर. "माझ्या जागी यायला माणूस मिळत नाहीये. पाचाचे आठ महिने झालेत. पण उतरले की आधी आईकडे जाईन, आणि तिथून थेट तुझ्याकडे. चालेल?"

त्याने 'चालेल' लिहिलं. तेवढ्याला त्याला अर्धा तास लागला.

संध्याकाळी दुकान बंद करून तो बेकरीत गेला. पोपटाने पिठाच्या हातांनी फोन धरून सगळं ऐकलं.

"आठ महिने! लेका, तोवर तिसरा भाग येईल," तो म्हणाला. मग मित्राचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने स्टूल पुढे सरकवलं.

नकाश्या भट्टीसमोर बसला आणि तिचं बोलणं पुन्हा लावलं, मधल्या घरघरीसकट.