अंड्यांच्या गाडीचा डावा शॉकअप

मी एक शॉकअब्सॉर्बर बोलतोय. गॅरेजातली मंडळी मला लाडानं शॉकअप म्हणतात. अंडी पोचवणाऱ्या एका पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकापाशी माझा जन्म गेला. पोटात तेल, तेलात दांडा. चाक खड्ड्यात आपटलं की गाडी उसळायची आणि मी तिला तिथल्या तिथे शांत करायचो. इंजिनाच्या पलीकडे, उजव्या चाकाला माझा जुळा भाऊ. एकाच गाडीत राहून आमची कधी गाठ पडली नाही.

गाडी नवरा चालवायचा. बायको शेजारी बसायची आणि दुकानादुकानांत ट्रे उतरवून द्यायची.

माझं वय झालं. सील गेलं, तेल पाझरू लागलं, मी नावापुरता उरलो. ट्रेमधली अंडी फुटू लागली.

"अहो, गाडी बघा कशी उड्या मारतेय," बायको म्हणायची.

"गाडी ठणठणीत आहे. हल्ली कोंबड्यांचंच कवच पातळ झालंय."

"मग कोंबड्यांना न्या गॅरेजात!"

मला हसू यायचं. पण एका सकाळी वळणावर एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला. गाडीनं नाक खाली घातलं, चाक रस्ता धरेना, टणाटण उडू लागलं. मी जीव खाऊन आवरायला गेलो, पण पोटात तेल असेल तर ना! गाडी थांबली ती आजोबांच्या काठीला टेकून. थांबली, तरी वरखाली डुलतच होती.

आजोबांनी बॉनेटवर काठी आपटली. "ही बिचारी वाकून वाकून माफी मागतेय. तू कधी मागणार?"

नवरा उतरला. "चुकलं, काका," एवढंच म्हणाला आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. तिनं सावकाश चालवत गाडी थेट गॅरेजात आणली.

मेस्त्रींनी पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी नाचतच राहिली. माझ्या अंगावरचं तेल बोटानं पुसून त्यांनी नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"डावा संपलाय. दोन्ही बदलू."

"उजवा तर कोरडा आहे की!"

"एक तरणा, एक थकलेला, अशी जोडी चालत नाही."

नवऱ्यानं हळूच बायकोकडे पाहिलं.

"घाबरू नका," ती म्हणाली, "तुम्हाला नाही बदलणार."

माझा खालचा बोल्ट गंजून बसला होता. पाना घसरला, हातोडी पडली, मेस्त्रींनी मला नाही नाही ते ऐकवलं. शेवटी करकरत निघालो.

आता गॅरेजाबाहेरच्या भंगाराच्या ढिगात आम्ही दोघं भाऊ पडलोय, आयुष्यात पहिल्यांदाच अंगाला अंग लावून. तुमची गाडी अशी डुलायला लागली, तर वेळेवर आमच्याकडे बघा हो. कोंबड्यांना उगाच बोल लावू नका.

आज सकाळी समोरच्या गतिरोधकावरून आमची पिकअप गेली. एकदा वर, एकदा खाली, की स्थिर. खिडकीतून बायको ओरडली, "मेस्त्री, आज एकही फुटलं नाही!"

"ऐकलंस?" उजव्यानं विचारलं.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "काय म्हणाली रे ती?"