शून्य आजाऱ्यांची गल्ली

सकाळी अकराला शिंप्याचं मशीन धडाधड चालत होतं आणि त्याची आई जमिनीवरच्या चिंध्या गोळा करत होती. तपासणीची परिचारिका दारात दिसली तशा म्हातारीच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"परवाच येऊन गेलात ना? आता काय?"

"जरा खात्री करायला आले, आजी."

खात्री कसली, संशयच होता तो! परवा एका दिवसात गल्लीतली बासष्ट घरं मोजून झाली होती. त्या दिवशी घरात माणसं किती आणि त्यांतली क्षयाची किती, एवढंच पाहायचं होतं. इथे औषधं किती पाठवायची ते त्या आकड्यावर ठरणार होतं, आणि आकडा आला शून्य. दवाखान्यातले डॉक्टर खूश झाले. परिचारिकेच्या मात्र तो घशाखाली उतरेना. दोन वर्षांत याच गल्लीतल्या तीन तरुण बायका छातीच्या दुखण्याने गेल्या होत्या, आणि एकीचंही नाव कुठल्या यादीत नव्हतं.

"घरात कोण कोण?"

"मी, मुलगा, मुलगी. झालं."

"आणि सूनबाई?"

"माहेरी गेलीये, महिना झाला. पण मी म्हणते, ही यादी वाचतं कोण? गल्लीभर बोभाटा होतो का?"

"कुणालाही कळत नाही. या कागदावर तसं लिहिलंय, बघा."

"मला मेलीला कुठलं दिसतंय? तुम्हीच वाचा."

वाचता वाचता परिचारिकेची नजर खाटेवर गेली. तिथे ब्लाउजांचा ढीग होता आणि प्रत्येकाला बारीक टाक्यांनी हुक लावलेले होते. वरच्या ब्लाउजला सुई अजून लटकत होती.

"हुक कोण लावतं?"

मशीन थांबलं.

"मीच लावते की," म्हातारी फटकन म्हणाली.

परिचारिका उठली आणि दोन गल्ल्या मागे सुनेच्या माहेरी गेली. तिथे सुनेची आई दार अडवून उभी राहिली. "लेक सासरी आहे की आमची! भलतंसलतं लिहू नका हो, धाकटीचं लग्न जमतंय."

या गल्ल्यांत ही रीतच पडून गेली होती. घरात लग्नाचं कुणी असलं, की खोकणारी सून मागच्या खोलीत ढकलायची आणि माहेरी गेली म्हणून सांगायचं. माहेरच्यांनी ती सासरी असल्याचं सांगायचं. जिवंत बाई दोन्ही घरांतून वजा व्हायची आणि गोळीविना झिजायची. याची लाज कुणालाच कशी वाटत नव्हती?

परिचारिका पुन्हा शिंप्याच्या घरी आली, तेव्हा म्हातारीची मुलगी, म्हणजे सुनेची नणंद, चहाचे कप विसळत होती.

"आता काय झडती घेणार?" म्हातारी कडाडली.

एवढ्यात मागच्या खोलीतून खोकल्याची दबलेली उबळ ऐकू आली. म्हातारी घाईघाईने स्वतःच ठो ठो खोकू लागली.

परिचारिकेने शांतपणे पिशवीतून डबी काढली. "मग तुमचीच थुंकी तपासू, आजी. लिहू का तुम्हाला आजारी?"

म्हातारीचा खोकला जागच्या जागी थांबला. नणंदेला क्षणभर हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. तिने कप खाली ठेवले आणि मागच्या खोलीच्या दाराची कडी काढली. आत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये सून बसली होती. तिच्या मांडीवर ब्लाउज होता आणि तोंडात चिंधी कोंबलेली होती.

"घरात चार माणसं लिहा, ताई," नणंद म्हणाली.

"अगं, जमत आलेलं मोडेल ना तुझं!" म्हातारी कळवळली.

"मोडू दे. वहिनीला लपवून ज्या घरात जायचं, तिथे उद्या मी खोकले तर मला कुठे कोंडतील, आई?"

शिंपी मान खाली घालून उठला आणि त्याने बायकोच्या तोंडातली चिंधी काढून घेतली.

"खोकला किती दिवस आहे?" परिचारिकेने विचारलं.

"चार महिने," सून म्हणाली. मग हळूच, "मला लिहिलंत ना?"

उरलेल्या एकसष्ट घरांत परिचारिकेने माणसं किती, हे विचारलंच नाही. भांडी कोण घासतं, पाणी कोण भरतं, हेच ती विचारत गेली.

आठवड्याने थुंकीचे निकाल आले. शून्याचे सात झाले होते. सातही सुना होत्या, आणि शिंप्याची बायको त्यांत पहिली होती.

"आठ-दहा दिवसांत शून्याचे सात?" डॉक्टर हबकले. "केवढा वाढला हो रोग!"

"वाढला नाही, साहेब," औषधांची पाकिटं उचलत परिचारिका म्हणाली. "पहिल्या मोजणीच्या दिवशीही या सातजणी घरातच होत्या."