खिडकीबाहेर गुलमोहर नव्हता

मला आठवणींची पुस्तकं आवडतात, म्हणजे त्यांच्याशी भांडायला आवडतं. नवरा गेल्यावर बायकांनी लिहिलेली, बायको गेल्यावर नवऱ्यांनी लिहिलेली, कुठलीही चालतात. माझा नवरा, प्रभुदास, गेले त्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी अशी साठेक पुस्तकं वाचली असतील, प्रत्येक पुस्तक हातात पेन्सिल घेऊन. अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. समास कोरा सोडायची सवयच नाही.

साताऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलंय, की बायको गेल्यावरही ते तिच्या मोबाइलवर फोन करत आणि मला टाकून गेलीस म्हणून तिला शिव्या घालत. तिथे मी लिहिलं, ‘हे खरं.’ एका परदेशी बाईंना दहाव्या प्रकरणात समुद्रकाठी फिरता फिरता शांती मिळाली. तिथे लिहिलं, ‘आम्ही नागपूरकरांनी काय करावं? अंबाझरी तलावावर गेलं तर शांतीच्या आधी भेळवाला भेटतो.’ आणि आमच्या ख्रिस्ती लोकांतल्याच एका जुन्या मिशनच्या बाई! मिशनच्या विहिरीवर अकरा पानं, आणि नवऱ्याच्या मरणावर एक ओळ, ‘प्रभूची इच्छा.’ मी समासात लिहिलं, ‘बाई, विहिरीतून दोन पानं उपसून त्यांना द्यायची होती.’

मी विश्वास सोडलेला नाही, हे आधीच सांगते. नाहीतर लोक लगेच माझ्यासाठी प्रार्थना करायला घरी येतात आणि मला चहा टाकावा लागतो. दर रविवारी चर्चला जाते, मोठ्यानं गाते, बेसूर गाते. माझं म्हणणं एवढंच, की देवासमोर खोटं बोलू नये. त्याला सगळं माहीतच असतं, मग फसवायचं कुणाला?

गेल्या महिन्यात सरिता आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आमच्याच चर्चच्या मंडळीतली, हुडकेश्वरला माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. तिचा नवरा जितेंद्र हिंगण्याला कंपनीत होता. पाळी संपवून परत येताना कंपनीच्या बसमध्येच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

आमच्या मंडळीत वर्ष झालं की घरी आभारप्रार्थना ठेवतात. लोक जमतात, चर्चचे पाळकसाहेब बायबलातलं वचन सांगतात, मग घरची बाई उभी राहून साक्ष देते, की या वर्षात देवानं तिला कसं सांभाळलं. त्यानंतर जेवण. रीत वाईट नाही. पण हल्ली सगळ्या साक्षी एकाच साच्यातून निघतात. मला शांती मिळाली, जे झालं ते भल्यासाठी झालं, मी आभारी आहे. एवढं झालं की लगेच पानं वाढायला घेतात.

सरितानं वहीचा एक कागद पुढे केला.

“बाई, हा सिंधूताईनं मले नमुना देल्ला. मंडळीच्या मासिकातून, नावं गाळून लिहून देल्लं. म्हणे, फक्त जितेंद्रचं नाव टाकजो आन् पाठ करजो.”

सिंधूताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. वय पंचाहत्तर, आणि आवाज असा की चर्चची घंटा नाही वाजवली तरी चालतं.

मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. पहिलीच ओळ, ‘त्यांच्या शेवटच्या क्षणीही माझ्या मनात अपार शांती होती.’ समासात लिहिलं, ‘खोटं.’ पुढे, ‘एकदाही मी देवाला का म्हणून विचारलं नाही.’ तिथे लिहिलं, ‘मग या बाईचं नवऱ्यावर प्रेम होतं की नाही?’ त्याच्या पुढे, ‘दवाखान्याच्या खिडकीबाहेर गुलमोहर फुलला होता, त्यात मला देवाचा हात दिसला.’ गुलमोहराखाली मी रेघ ओढायला घेतली आणि हात अर्ध्यावर थांबला.

तो गुलमोहर मीच लावला होता. हा कागद म्हणजे प्रभुदासांच्या वर्षाला मी दिलेली साक्ष होती.

खिडकीबाहेर गुलमोहर नव्हता. जनरेटर होता. तो इतका धडधडायचा की प्रभुदासांचा श्वास ऐकू यायचा नाही, म्हणून मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसायचे. अठरा दिवस तशी बसले. साक्ष लिहिताना जनरेटर काही बरा दिसेना, म्हणून झाड लावलं. ते सगळ्यांना इतकं आवडलं की मंडळीच्या मासिकात छापून आलं, आणि मी तो अंक चार जणींना वाटला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं म्हणतात ना, तशी गत. मुसळ मासिकात छापलेलं होतं.

“काय झालं, बाई?” सरिता म्हणाली. “मी रोज वाचून राहिली हे. पण तोंडातून निघतच नाही. या बाईले वर्षभरात शांती भेटली, मग मलेच काहून नाही भेटत? मले तं देवाचा राग येते. तीन महिने झाले, मी चर्चमधे प्रभुभोजनाची भाकर नाही घेतली. मनात एवढा राग ठेवून ती कशी घेऊ? माझा विश्वासच कच्चा हाय का?”

मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिच्याकडे बघवेना. माझ्या गुलमोहरानं या पोरीला देवाच्या मेजावरून उठवलं होतं.

“ही बाई मीच आहे, सरिता,” मी म्हटलं. “आणि यातलं एक अक्षर खरं नाही.”

तिनं मान हलवली. “मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिल्या तुम्ही. मासिकात छापून आलेलं खोटं कसं राहीन?”

शाळेत मीच शिकवलं होतं ना, छापील शब्दाचा मान ठेवा म्हणून. भोगा आता. “बरं,” मी म्हटलं, “मग ज्या मंडळीसमोर खोटं बोलले तिच्यासमोरच खरं बोलते.”

प्रार्थनेच्या संध्याकाळी सरिताच्या घरी पन्नासेक माणसं होती. अंगणात खुर्च्या, टेबलावर जितेंद्रचा फोटो, मागच्या बाजूला भाताचा वास. पाळकसाहेबांनी वचन सांगितलं आणि म्हणाले, “आता सरिताताई साक्ष देतील.” सरिता उठली. तिच्या हातात तोच कागद होता. तिच्या पाठोपाठ मीही उठले.

“आधी माझी.”

“कामिनीबाई, तुमची तर चार वर्षांपूर्वीच झाली,” पाळकसाहेब हसून म्हणाले.

“तीच परत घ्यायला उठले आहे.”

त्यांचं हसू मावळलं. मी सगळं सांगून टाकलं. गुलमोहर नव्हता, जनरेटर होता. शांती तर नव्हतीच. आणि अठरा दिवस मी देवाला ‘का’ याखेरीज दुसरं काही विचारलं नाही. “त्यानं उत्तर दिलं नाही. मी अजून रागावलेली आहे. आणि रागातच दर महिन्याला भाकर घेते. कारण रागावायचं तर ज्याच्यावर रागावलो त्याच्याच घरी जाऊन रागवावं, शेजाऱ्याकडे नाही. माझी साक्ष खोटी होती, असं मासिकात छापा.”

“बाई,” पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, “इथे विश्वासात नवीन लोक बसले आहेत. त्यांना ठेच लागेल.”

“लागू द्या. बायबलात प्रभू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला. त्याला कुणी नमुना दिला होता का?”

मागे कुणीतरी खोकलं. मी बसले नाही, सरिताकडे बघत उभी राहिले. तिनं कागदाची घडी घातली, फोटोकडे पाठ केली आणि वर बघून बोलायला लागली.

“त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी डबा नाही देल्ला. तो उपाशीच गेला. प्रभू, तुले माहीत होतं तो परत नाही येणार, आन् तू मले भांडू देल्लं. मले नाही आभार मानता येत. मले तुझा लय राग आला हाय.” मग तिला काय करावं ते सुचेना, म्हणून शेवटी म्हणाली, “आमेन.”

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सिंधूताई काठी टेकत उठल्या. मी पदर खोचला, आता हजामत होणार हे नक्की होतं, आणि मलाही ऐकून घ्यायचं नव्हतं. सिंधूताईंचा थोरला पुष्कर एकविसाव्या वर्षी तापानं गेला. त्याची साक्ष त्या दर वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनी देतात. आम्हा बायकांना ती तोंडपाठ आहे. त्या माझ्याकडे बघेचनात, सरिताकडेही नाही.

“पाळकसाहेब,” त्या म्हणाल्या, “माझीबी खोडा.”

“कोणती, सिंधूताई?”

“पुष्करची.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. “एकतीस वर्षं झाली. त्या दिवसापासून मी देवासंग एक शब्द बोलली नाही. नुसत्या प्रार्थना केल्या.”